लोकसहभाग

मुख्याध्यापिका सोनटक्के बाईंनी तीच बिलं सहाव्यांदा शिक्षण विभागाच्या टेबलावर ठेवली. आठ दिवसांत शाळेत कॅमेरे लावा, पैसे मागाहून मिळतील, असा आदेश आला तेव्हा त्यांनी वॉशिंग मशीनसाठी जमवलेले बावीस हजार घातले होते. दीड वर्ष झालं, बाई अजून हातानेच धुणं धुवत होत्या.

"अभिनंदन, बाई!" आज साहेब चक्क खुर्चीतून उठले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी ड्रॉवरमधून काढलं ते मात्र प्रशस्तिपत्र होतं, लोकसहभागातून कॅमेरे बसवल्याबद्दल.

"लोक कुठले, साहेब? पैसे माझे होते."

"तुम्ही म्हणजे लोकच की! लोकांनी खर्च केलाय म्हटल्यावर सरकार कशाला देईल?" साहेबांनी बिलं परत सरकवली. "हे फ्रेम करून भिंतीवर लावा, उद्या फोटो पाठवा. फ्रेमचे पैसे मागाहून मिळतील."