उजवा घोटा

थाविनचे तेलाने माखलेले हात कोंगच्या उजव्या मांडीवरून पोटरीवर आले आणि घोट्यापाशी थांबले.

"चोळा ना, ख्रू. काही होत नाही," कोंग म्हणाला. तो बाकावर पालथा पडला होता. बाहेर आधीची लढत संपत आली होती आणि अख्खं बुरीराम शहर बोंबलत होतं.

"डॉक्टरीणबाईंनी नक्की हो म्हटलंय?"

"किती वेळा विचारणार? म्हणाल्या, खुशाल लढ."

थाविन घोटा चोळू लागला. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे पोरगं त्याच्या हाताखाली मुए थाई शिकलेलं. आणि आखाड्यातलं पोर आपल्या ख्रूशी, आपल्या गुरूशी, खोटं बोलत नाही. असं आपलं म्हणायचं.

पावसाळ्याच्या तोंडाला बँकॉकच्या दवाखान्यात तो स्वतः कोंगच्या उशाशी उभा होता. घोट्यातली कूर्चा नाण्याएवढी उखडली होती. डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या हाडात जाडजूड सुई घालून लालभडक मज्जा ओढली, यंत्रात फिरवली आणि तिच्यातल्या मूळ पेशींचं इंजेक्शन घोट्यात दिलं. मग थाविनकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही इसानकडचे ना? भाताची लावणी झाली की त्याच खाचरात म्हशी सोडता का?"

"छे हो."

"मग पावसाळा संपेपर्यंत याला लाथ मारू देऊ नका. उडी तर नाहीच. रुजलं तर रुजलं, हमी मी देत नाही. पण तुडवलंत तर घोटा कायमचा गेला. आणि एक सांगून ठेवते, रुजायच्या आधीच दुखायचं थांबेल. त्यावर भुलू नका."

पावसाळा अजून चालूच होता. मधेच ही पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची, लढत चालून आली. जो लढणार होता तो तापाने पडला आणि आखाड्याचे मालक प्रासितशेठ यांनी कोंगचं नाव पुढे केलं. कोंग सत्ताविसाचा. या धंद्यात सत्ताविशीचा गडी म्हणजे म्हातारा, त्याला पुन्हा कोण विचारतो? थाविनलाही ते कळत होतं. म्हणून तर 'बाई हो म्हणाल्या' यावर त्याने विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला.

पुकारा झाला. कोंग वरच्या दोरावरून रिंगणात उतरला. डावा पाय आधी. थाविनच्या नजरेतून ते सुटलं नाही. सरावातही पोरगं डाव्यानेच मारत होतं. उजवा लढतीसाठी राखून ठेवलाय, असं म्हणायचं.

"तोंड का पाडलंयस रे?" मागच्या खुर्चीवरून प्रासितशेठ म्हणाले. "दुखत नाही ना त्याला? मग झालं तर."

"दुखत नाही, तीच तर पंचाईत आहे, शेठ."

सनई सुरू झाली, ढोलावर थाप पडली. कोंग लढतीआधीचं गुरुवंदन नाचू लागला. प्रत्येक आखाड्याचा नाच वेगळा, आणि हा थाविनचा होता. गुडघ्यावर बसून कपाळ टेकवायचं, मग एकेका दिशेला तोंड करून उजव्या पायावर सावकाश उठायचं, डावा हवेत धरून.

पहिल्या दिशेला कोंग डाव्या पायावर उठला. लोकांना काय कळतंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिशेला डावाच, तिसऱ्यालाही. थाविनने दोर घट्ट पकडला.

चौथी दिशा त्याच्याच कोपऱ्याची. इथे गुरूकडे बघत उठायचं. कोंगने उजवा पाय रोवला, अर्धा उठला आणि घोटा लटपटला. दुखलं नसणार. त्याच्या चेहऱ्यावर कळ नव्हती, भीती होती. त्याने पटकन डावा पाय टेकला आणि नजर खाली वळवली.

नाच संपला. कोंग कोपऱ्यात आला आणि हात जोडून दोरावरून वाकला. त्याच्या डोक्यावर मोंगखोन होतं, आखाड्याचं मंतरलेलं सुती कडं. ते गुरूनेच मंत्र पुटपुटत उतरवायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ते डोक्यावर आहे तोवर लढतीची घंटा होत नाही.

"काढा, ख्रू."

"बाई काय म्हणाल्या?"

कोंगने जोडलेले हात कपाळाला लावले.

"विचारलंस तरी का त्यांना?"

"नाही विचारलं." कोंग कुजबुजला. "पुन्हा नाही मिळायची ही लढत. तुमच्या पाया पडतो, ख्रू. काढा."

"अरे थाविन, काय भजन चाललंय तिथे?" प्रासितशेठ ओरडले.

समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याचं मोंगखोन उतरवून झालं होतं. तो हातमोजे एकमेकांवर आपटत उभा होता. पंच दोन पावलं पुढे आला. लोक शिट्ट्या मारू लागले.

थाविनला या पोराचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्याच्यासाठी जीव इतका कधी तुटला नव्हता. त्याने दोन्ही हात वर नेले. कोंगने डोळे मिटले आणि मंत्राची वाट बघत मान आणखी खाली केली.

थाविनने मोंगखोन दोन्ही बाजूंनी धरलं आणि त्याच्या कपाळावर आणखी खाली, घट्ट बसवलं.