स्प्रूसच्या मुळाशी ताक

झाडावरची लाल पट्टी पाहून उर्मिलाताई झपाझप बुंध्याशी आल्या. जर्मनीतल्या या डोंगरावर आंबट झालेल्या मातीला मॅग्नेशियमयुक्त चुन्याचं खत घालत एक यंत्र फिरत असे. खत घेऊनही ज्याची माती आंबटच राही, तो पिवळा पडणारा सूचिपर्णी स्प्रूस तेच यंत्र लाल पट्टी ओढून कापून टाकी. या स्प्रूसखाली त्यांच्या नवऱ्याच्या, श्रीरंगरावांच्या अस्थी पुरलेल्या होत्या.

"रेवा, यंत्र तूच बनवलंस ना? थांबव त्याला."

"आई, ते फक्त मातीचं ऐकतं. सगळ्या जंगलाचा आंबटपणा उतरला, बाबांच्याच झाडाचा चढतोय. का, तेच कळत नाही."

करवतीची घरघर जवळ आली. उर्मिलाताईंनी थर्मास शालीआड लपवला. दर रविवारी त्या तो इथेच रिकामा करत.

"काय आहे त्यात?"

"ताक. जेवणानंतर त्यांना लागायचंच."

रेवा गुडघ्यांवर बसून बुंध्याजवळची ताकाने आंबलेली माती दोन्ही हातांनी उपसू लागली. उर्मिलाताईही खाली बसल्या. यंत्र येऊन थांबलं, त्याने उघड्या मुळांशी आंबटपणा मोजायची सुई खुपसली आणि बराच वेळ ती तशीच ठेवली. मग करवत मिटून ते पुढच्या झाडाकडे वळलं.

उर्मिलाताईंनी मातीने भरलेले हात बुंध्यावर टेकवले.

"ऐकलंत का," त्या हळूच म्हणाल्या, "लेकीने पथ्य सांगितलंय. आजपासून ताक बंद."