आता भीती नाही

"टीबी पूर्ण बरा झालाय, आता कुणाला लागण होणार नाही," असं तांबरमच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा प्रमोदिनीला रडूच फुटलं. लोकलनं घराजवळच्या नुंगंबाक्कम स्टेशनला उतरून ती तडक शेजारच्या मामींकडे गेली. तिच्या आजारपणात पाच वर्षांच्या ऊर्मीला त्यांनीच सांभाळलं होतं.

दारातच बसून तिनं हात पसरले. "ये गं ऊर्मी! आता आईजवळ आलं तरी चालतं."

ऊर्मीनं मामींकडे बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, "जाऊ?"

मामींनी डोळे पुसत मान हलवली.

ऊर्मी हळूहळू आली आणि आईच्या गळ्यात पडली. प्रमोदिनीनं तिला घट्ट कवटाळलं. मग तिच्या लक्षात आलं, पोरीनं श्वास रोखून धरलाय.

लेकीला श्वास घेता यावा म्हणून प्रमोदिनीनंच मिठी सोडली.