कागदाला कळलेला ताप

ओल्या, जिवंत कागदाचं टोक ऊब शोधत आपणहून वाळवणीच्या यंत्रात शिरायचं. आज गिरणीचा बॉयलर उशिरा पेटला होता, त्यामुळे यंत्राचे रूळ अजून गार होते. ते टोक वळलं आणि यंत्र चालवणाऱ्या सुनेत्राच्या मनगटाला बिलगलं.

"तुला ताप आहे," शेजारच्या यंत्रावरची फिलोमिना म्हणाली.

"घरी पाठवू नकोस गं. एकटीनं यंत्र चालवायचा पहिलाच दिवस आहे माझा."

कागद मनगट सोडेना. सुनेत्राला हसू आलं. हात रुळांजवळ धरून ती यंत्राच्या कडेनं चालू लागली. कागद तिच्यामागे सरपटत, एकेका रुळावरून वळत थेट पलीकडे पोचला. कामावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फिलोमिनानं तिच्या खांद्यांवर शाल टाकली. "कागद यंत्राला लागला. आता घरी जाऊन झोप. उद्यापासून रूळ आम्ही वेळेवर तापवू."