भिंतीपलीकडचा नत्थुजी

"सिनेमातलं फक्त नाव बदला, ताई. बाकी काई मांगत नाई," गोवर्धन तिसऱ्यांदा म्हणाला.

पौर्णिमाने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. सिनेमा तिचा होता, पुढच्या महिन्यात अकोल्यात आणि अमरावतीत लागणार होता. आणि हा साठीतला माणूस अचलपूरहून एसटीने येऊन तिच्या आईच्या बैठकीत हात जोडून बसला होता. त्याचा बाप नत्थुजी. सिनेमातला पोलिसांचा खबरीही नत्थुजीच.

"का बदलू? माझ्या वडिलांचं नाव खरं आहे, आईचं खरं आहे. तुमच्याच वडिलांचं खोटं कशाला?"

गोष्ट अकोटजवळच्या या गावात पोराबाळांनाही पाठ होती. आणीबाणी लागली तेव्हा पौर्णिमाचे वडील वामनराव सरकारविरुद्ध पत्रकं वाटायचे. वॉरंट निघालं आणि ते फरार झाले. वर्ष होत आलं तरी पोलिसांना त्यांचा पत्ता नव्हता. शहात्तरच्या ज्येष्ठातल्या अमावस्येला मात्र ते घरी आले, तर पोलीस आधीच आत दबा धरून बसलेले. सहा महिन्यांनी तुरुंगातून प्रेत आलं. मधे भादव्यात पौर्णिमा जन्मली होती. बापाने तिचं तोंडही पाहिलं नाही.

घराला लागून नत्थुजीचं घर, मधे एकच भिंत. इकडे कुणी खोकलं तरी पलीकडे ऐकू जायचं. घर बांधायला जागा वामनरावांनीच दिलेली. खाल्ल्या घरचे वासे मोजले, असं गावाने ठरवून टाकलं. गावाला एकदा खबरी सापडला की दुसरा शोधायचा कंटाळा येतो. नत्थुजीची बायको विहिरीवर आली की बाकीच्या बाया घागरी उचलून चालू लागायच्या. दोन वर्षांत घर विकून ते अचलपूरला गेले.

"माया बाप मरेपर्यंत म्हने, म्या नाई सांगतलं," गोवर्धन म्हणाला. "दोन बहिनीच्या सोयरिका मोडल्या, ताई. आता नातीचं जुयून राहिलं होतं. पोराकडच्याईनं तुमचा ट्रेलर पाह्यला. चार दिवस झाले, फोन उचलत नाईत."

पौर्णिमाला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"मी अख्खा जन्म बापाशिवाय काढलाय, काका," ती म्हणाली. "आई, तूच बघ. यात खोटं काय आहे ते सांग."

दुर्गाबाई दिवाणावर बसून होत्या. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. त्यांनी सिनेमा अजून पाहिला नव्हता. आज-उद्या करत टाळतच होत्या. पौर्णिमाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि मुद्दाम आनंदाचा प्रसंग लावला. दुर्गाबाईंचं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, बायांचं गाणं, हसणं.

"या घरातला तो शेवटचा सुखाचा दिवस," तिने गोवर्धनला सांगितलं.

"असं नव्हतं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"काय? साडी?"

"साडी बराबर हाय. बाया हासत नव्हत्या."

"अगं, सिनेमा आहे, थोडंफार..."

"बंद कर थे."

पौर्णिमाने बंद केलं. आईला नवरा आठवला असणार, असं तिला वाटलं. गोवर्धनलाही तसंच वाटलं असावं. तो पिशवी उचलून उठला.

"येतो, काकू. तुमाले तरास दिला."

"बस, गोवर्धन."

तो उभाच राहिला. दुर्गाबाईंनी पदर नीट केला. बोलल्या तेव्हा आवाज अगदी रोजचा होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा.

"माई सासू नको म्हने. लेक फरार, अन् कायचं डोहायजेवन? मीच हट्ट धरला. पयलटकरीन होती. बाया आल्या, गानेबी झाले. पन ओटी भराले कोनीच उठेना. पाटलीनबाईनं नारय आपल्या मांडीवरच ठेवला. म्हने, नवरा सालभर घरी नाई, मंग हे पोटातलं कोनाचं?"

पौर्णिमाने लॅपटॉप मिटला.

"तू जन्माच्या आधीच बदनाम झाली असती, पोरी. मले सहन नाई झालं. म्या भरल्या घरात सांगतलं, त्याहीचंच हाय, दर अमावस्येले घरी येतेत थे. मंग साऱ्याईनं ओटी भरली."

त्या गोवर्धनकडे वळल्या.

"आठव्या दिवशी अमावस्या होती."