जिंजर सोडा आणि लिंबू

साखरपुड्याच्या दुपारी शर्वरी मागच्या पडवीत लिंबं पिळत होती. दिराने आणलेल्या कॅनचं झाकण उघडताच तिने नाक मुरडलं.

"भावजी, ही नेहमीची दारू नाही."

"स्वस्तात मिळाली, वहिनी. जिंजर सोडा आणि लिंबू जास्त घाला, कुणाला कळायचं नाही."

तिला ते पटलं नाही, पण मांडवातून हाका सुरू होत्या. तिने ग्लास भरून पाठवले. "झकास जमलंय!" म्हणत नवऱ्याने स्वतःसाठी आणि शेजारच्या काकांसाठी आणखी एकेक मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लख्ख ऊन होतं. नवरा भिंत चाचपडत दारात आला.

"शर्वरी, आज एवढं धुकं कसं गं?"

ती गाडी मागायला शेजारी धावली. तिथे सुलूकाकी काकांना गदागदा हलवत होत्या.

"बघ ना गं, उठतच नाहीत हे."