गेटवेनं मारलेली हाक

"काल तुम्ही मला चक्क नावानं हाक मारलीत," मथुरा फोनवर लाजून म्हणाली.

दीपगृहात नोकरीवर असलेल्या काशिनाथाचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून 'अगं'पलीकडे त्यानं तिला हाक मारली नव्हती. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही चारचौघांनी अडवल्यावर. दीपगृहाच्या जुन्या फोनचा आवाज किनाऱ्यावरचा गेटवे नावाचा यंत्राचा डबा नेटवर्कवर चढवायचा आणि वाटेत हरवलेले शब्द बोलणाऱ्याच्याच आवाजात, स्वतःच्या मनानं भरून काढायचा. काल वाऱ्यानं फोनची सैल तार हलत होती आणि शब्द तुटत होते. हाक त्या मेल्या डब्यानं मारली होती.

"आणखी काय म्हणालो मी?"

"इश्श! ते काय परत सांगायचं असतं?"

एकही शब्द हरवू नये म्हणून काशिनाथानं फोनची तार घट्ट पिळली, घसा खाकरला आणि म्हणाला, "मथुरा."

"अहो, हे काय हजेरी घेतल्यासारखं? कालच्यासारखं म्हणा ना!"

शेवटी दातओठ खात त्यानं स्वतःच्याच हातानं तार सैल केली आणि तो "अगं" म्हणाला.

पलीकडे मथुरा खुदकन हसली. गेटवे तिला काय म्हणाला, ते काशिनाथाला ऐकूच आलं नाही.